अकरा लिटरचा हिशेब

सोनाराच्या काट्यावर मी कणकेची गोळी ठेवली तेव्हा त्याने आधी गोळीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "दहा ग्रॅम हवीये, बरोब्बर," मी म्हटलं. ओळखीचा माणूस, काही बोलला नाही. चिमटीने थोडी काढली, थोडी लावली, काट्यावर १०.०० आलं तशी गोळी कागदात बांधून हातात दिली आणि म्हणाला, "घडणावळ नाही लावत."

त्या सुपारीएवढ्या कणकेचे मी रात्री चार सारखे तुकडे केले आणि आठ इंची वूफरच्या पडद्यावर, मधल्या टोपीभोवती, चार दिशांना चिकटवले. घरात पोळ्या झाल्या होत्या. उरलेली कणीक कुठे गेली, हे कुणी विचारलं नाही. लॅपटॉपमधून सूं असा खालपासून वर चढत जाणारा स्वर वूफरला पाठवला आणि पडद्यावर आलेख उमटायची वाट पाहत बसलो.

हा उद्योग का, ते सांगतो. मला स्पीकरच्या पेट्या करून घ्यायच्या होत्या. वूफरचा पडदा, बाजारात ज्याला कोन म्हणतात तो, म्हणजे स्प्रिंगला अडकवलेलं वजन असतं. कडेची रबरी गोट आणि मागची पिवळी नालीदार चकती ही स्प्रिंग. कागदी कोन आणि तांब्याचं कॉइल हे वजन. असं वजन स्वतःच्या लहरीने एका ठराविक गतीने हलतं. माझा वूफर कणकेशिवाय सेकंदाला ३८ वेळा हलत होता. दहा ग्रॅम कणीक लावल्यावर ३१ वेळा. या दोन आकड्यांवरून त्रैराशिकाच्या जरा पुढचं गणित केलं की पडद्याचं स्वतःचं वजन निघतं: २० ग्रॅम. वजन कळलं की स्प्रिंग किती मऊ ते कळतं, आणि तो मऊपणा हवेच्या भाषेत सांगता येतो. माझ्या वूफरची स्प्रिंग ४५ लिटर कोंडलेल्या हवेइतकी मऊ होती. पेटी किती मोठी करायची, हे या ४५ वरून ठरतं.

चांगल्या कंपनीच्या वूफरसोबत हे आकडे छापील येतात. माझा बुधवार पेठेतून आणलेला. तपकीर गल्लीत दुकानदाराला विचारलं, "याचा डेटा आहे का?" त्याने खोका फिरवून दाखवला. खोक्यावर मोठ्या अक्षरात वॅट होते, त्याखाली आणखी मोठ्या अक्षरात दुसरे वॅट होते, आणि एका चित्त्याचं चित्र होतं. "साहेब, आवाज ऐकून घ्या ना," म्हणत त्याने वूफर तसाच उघडा, पेटीशिवाय, अँप्लिफायरला जोडला. खर्ज म्हणून काही ऐकूच येईना.

येणारच नाही. पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. लांब लहरींना कडेवरून वळसा घालून एकमेकींना भेटायला काही अडत नाही. त्या भेटतात आणि जमाखर्च शून्य होतो. आमच्या लहानपणी गावाकडे टेपरेकॉर्डरचा सुटा स्पीकर माठाच्या तोंडावर ठेवायची पद्धत होती, ती याचसाठी. मागचा आवाज माठात कोंडला की पुढचा सुटतो. माठ कुणी मोजून घेत नसे. ज्याच्या घरी फुटका नसलेला जुना माठ असेल, त्याच्या घरी बेस जास्त.

माठ ही बंद पेटी. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी एआर-१ नावाचा स्पीकर काढला. त्यात ही कोंडलेली हवाच मुख्य स्प्रिंग म्हणून वापरली होती आणि तोवर कपाटाएवढ्या लागणाऱ्या पेट्या पुस्तकांच्या फळीवर आल्या. दुसरा रस्ता त्याआधीचा. बेल लॅबोरेटरीजमधल्या अल्बर्ट थुरास यांनी १९३२ मध्ये पेटंट मिळवलं ते भोकाच्या पेटीचं. पेटीला एक नळी बसवायची. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जसा एकच खोल स्वर घुमतो, तशी ही पेटी आपल्या एका स्वराला घुमते आणि त्या स्वरापाशी पडद्याऐवजी नळीच काम करते. मागचा आवाज वाया न घालवता उलटवून पुढच्याच्या मदतीला आणायचा, अशी ही युक्ती.

युक्ती छान, पण पुढची तीस वर्षं ती अंदाजपंचे चालली. पेटी किती, नळी केवढी, याला कारागिराचा कान हाच आधार. चुकलं की एकाच सुरात घुं घुं करणारी पेटी तयार व्हायची, आणि तशा पुष्कळ झाल्या. कोडं सोडवलं ते ऑस्ट्रेलियात. नेव्हिल थील या अभियंत्याने १९६१ साली तिथल्या रेडिओ अभियंत्यांच्या नियतकालिकात निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की वूफर, पेटी आणि नळी मिळून जे होतं ते विजेच्या फिल्टरपेक्षा वेगळं नाही, आणि फिल्टरांचं गणित तर तयारच आहे. मग पेटीच्या बाबतीत चाचपडायचं कशाला? त्याने २८ जुळण्यांचा तक्ता दिला: वूफरचे आकडे असे असतील तर पेटी एवढी, घुमण्याचा स्वर एवढा, खाली आवाज इथपर्यंत. निबंध दहा वर्षं जवळजवळ झोपून होता. सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल या अमेरिकेत जन्मलेल्या माणसाने ते काम पुढे नेलं, १९७१ मध्ये थीलचा निबंध अमेरिकेतल्या ऑडिओ अभियंत्यांच्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला आणि त्यानंतर स्मॉलचे एकामागून एक निबंध आले. आज वूफरच्या कागदावर जे आकडे छापतात त्यांना या दोघांचं नाव आहे, थील-स्मॉल. वूफर विकत घेताना ते विचारले की दुकानदार चित्ता दाखवतो, पण तो भाग वेगळा.

आजचे प्रोग्रॅम म्हणजे हेच गणित, फक्त वही-पेन्सिलीशिवाय. विनआयएसडी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम मी वापरतो. दिसायला जुनाट, पण वूफरचे आकडे भरले की पेटीचं माप बदलत जाईल तसा आलेख डोळ्यांदेखत वाकतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी तासभर नुसता माउस ओढत बसलो होतो. माझ्या वूफरला ३२ लिटरची बंद पेटी दिली तर आवाज ७२ हर्ट्झपर्यंत नीट येतो आणि पुढे घसरतो. त्याच ३२ लिटरला ३८ हर्ट्झवर घुमणारी नळी दिली तर थेट ३८ पर्यंत. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे ती तार पूर्ण आली. हे कागदावरचं, गळती शून्य धरून. खऱ्या पेटीत सांध्यांतून, टोपीतून हवा निसटते आणि गळती धरली की प्रोग्रॅम जास्त मोठी पेटी मागतो. मी ३२ वर थांबलो, कारण घरात पलंग आणि कपाट यांच्यामध्ये जेवढी जागा होती तेवढीच होती.

नळीचा मामला मजेशीर आहे. ३२ लिटरच्या पेटीला ३८ वर घुमवायचं, तर ५ सेंटीमीटर आतला व्यास असलेली नळी ९ सेंटीमीटर लांब लागते. ७ सेंटीमीटरची घेतली तर २०. १० सेंटीमीटरची घेतली तर ४४. सगळ्या एकाच स्वराला घुमतात. मग सगळ्यांत छोटी घ्यावी ना? मीही पहिल्यांदा तेच केलं होतं, मागच्या एका पेटीत. खर्ज आला की नळीतून सायकलचा पंप मारल्यासारखा फस्स फस्स आवाज. पडद्याला जेवढी हवा हलवायची तेवढी त्या अरुंद गळ्यातून जायची म्हणजे वेग वाढणार. साधारण सेकंदाला १७ मीटरच्या वर हवेचा वेग जाऊ नये, असा ठोकताळा आहे. प्रोग्रॅममध्ये याचा वेगळा आलेख असतो. तेव्हा मी तो उघडलाच नव्हता. नळीसमोर उदबत्ती धरून पाहिलं. धूर सरळ वर जायच्या ऐवजी ढोलाच्या ठेक्यावर तुटत होता. बायकोला तो प्रयोग आवडला, पेटी नाही.

दहाची नळी ४४ सेंटीमीटर, म्हणजे पेटीच्या खोलीपेक्षा लांब. म्हणून मधली सात. प्लंबिंगच्या दुकानात ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मिळतो, त्याचा आतला व्यास साधारण तेवढाच. दुकानदाराने विचारलं, "गच्चीचं पाणी का?" हो म्हणून टाकलं.

या कामाच्या नादात मी कराडच्या बाजूला एका कारखान्यात जाऊन आलो. पत्र्याची शेड, दारात उलटे ठेवलेले अठरा इंची वूफर, आत काळ्या रंगाचा वास. इथे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती तयार होतात. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे या भिंतींना 'डॉल्बी' म्हणतात. ज्या रे डॉल्बीचं ते नाव, तो माणूस १९६३ ते १९६५ युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतातच होता. इथून गेल्यावर त्याने लंडनमध्ये कंपनी काढली आणि नाव कमावलं ते टेपवरची खरखर कमी करून. आवाज घालवणाऱ्याचं नाव आपण चिकटवलंय कशाला! हे मी कारखान्याच्या मालकाला सांगितलं. त्याला फारसा फरक पडला नाही. "लोक डॉल्बीच म्हणणार," तो म्हणाला.

पण त्याने सांगितलेली गोष्ट महत्त्वाची होती. पूर्वी तो पेट्या कशा काढायचा? दुसऱ्याच्या गाडीवरची पेटी रात्री टेप लावून मोजून. बाहेरची मापं मिळायची, आतले पडदे किती आणि कुठे हे टॉर्च मारून. वूफर मात्र आपल्याकडे असेल तो. म्हणजे एकाच्या मापाचा शर्ट दुसऱ्याला. एखादी पेटी जमायची, बाकीच्यांत दोन सणांत वूफर जळायचे. आता त्याचा मुलगा लॅपटॉपवर हॉर्नरेस्प उघडून बसतो. तोही ऑस्ट्रेलियातलाच, डेव्हिड मॅकबीन यांनी लिहिलेला आणि फुकट वाटलेला प्रोग्रॅम, खास भोंग्याच्या पेट्यांसाठी. मुलाने मला हिशेब दाखवला: ४० हर्ट्झची लहर साडेआठ मीटर, तिचा चौथा हिस्सा म्हणजे दोन मीटरच्या वर, सात फूट. एवढा लांब भोंगा टेम्पोवर कसा चढणार? म्हणून पेटीच्या आत त्याच्या घड्या घालायच्या, वाकवत वाकवत. "बाबांचा कान चांगलाय," तो म्हणाला, "पण कानाला पेटी बनल्यावर कळतं."

त्या भिंतींबद्दल माझं मत विचाराल तर मला त्या नकोत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही कायद्यातली मर्यादा आणि ही भिंत यांची गाठ कधीच पडत नाही. पण त्या मुलाने आलेखावर बोट ठेवून मला दाखवलं, की घुमण्याच्या स्वराच्या खाली गेलं की पडदा मोकाट सुटतो, पेटीतल्या हवेचा धाक राहत नाही, आणि वूफर फाटतात ते तिथेच. म्हणून त्याने खालच्या आवाजाला आधीच फिल्टर लावला होता. हे मला माझ्या आठ इंचीसाठीही उपयोगी पडलं.

आता पेटी. ३२ लिटर ही आतली निव्वळ हवा. त्यात वूफरचं लोहचुंबक दीड लिटर जागा खातं, नळी एक लिटरच्या जवळपास, आधाराच्या पट्ट्या दीड-पावणेदोन. म्हणून एकूण ३६. मी २४ बाय ३० बाय ५० सेंटीमीटर धरलं. गुणाकार करून पाहा, बरोबर ३६ लिटर येतात. १८ मिलिमीटरचा प्लाय आणला, मापं कागदावर लिहिली आणि मिस्त्रींकडे दिली.

मिस्त्रींना सेंटीमीटरचं वावडं नाही, पण त्यांचं डोकं इंच आणि सुतात चालतं. एका इंचाचे आठ सूत. माझ्या कागदावर त्यांनी शेजारी पेन्सिलीने लिहून टाकलं: ९ इंच साडेतीन सूत, ११ इंच साडेसहा सूत, १९ इंच साडेपाच सूत. संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो.

"साहेब, ही मापं कशी धरू?"

"जी लिहिलीत तीच, मिस्त्री. एक सूत इकडे तिकडे नको."

"नाही होणार," ते म्हणाले. आणि झालंही नाही. दोन पेट्या आल्या त्या अशा, की गुण्या लावला तर उजेडाची रेघ दिसेना. सांध्यांत फेव्हिकॉल, आतून लांबीचा हात, तोंडाला बारीक गोलाई. मी वीस सेंटीमीटर पाइप कापून बसवला, गादीवाल्याकडून आणलेला उशीचा पॉलिएस्टर कापूस आतल्या भिंतींना लावला, वूफर आवळला. ट्वीटर आणि दोघांमधला क्रॉसओव्हर यांची कथा इथे सांगत नाही. तिला दुसरा दिवाळी अंक लागेल.

रात्री एक ख्यालाची ध्वनिमुद्रिका लावली. गायकाचा षड्ज काळी एकच्या आसपास, म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झला. तंबोऱ्यात हा मूळ स्वर तसा क्षीणच असतो, जवारीने वरचे स्वरांश फुलतात आणि आपण खरं ते ऐकतो. इथे मात्र जवारीच्या मागे कुणीतरी पिंप वाजवत असल्यासारखं वाटत होतं. डग्ग्यावर घीस दिली की आवाज गोल व्हायच्या ऐवजी सुजायचा. मग बेस गिटार असलेलं एक गाणं लावलं, तर सर्वांत खालची तार जवळजवळ गायब. वर सूज आणि खाली उपास.

पहिला संशय खोलीवर. आमची खोली १० बाय १४ फूट. अशा खोलीत १४ फुटांमुळे ४० हर्ट्झ आणि १० फुटांमुळे ५६ हर्ट्झ हे स्वर भिंतीभिंतींत अडकून फुगतात. पेटीचा कुठलाही साधा प्रोग्रॅम हे धरत नाही; त्याच्या हिशेबात तुम्ही माळावर बसलेले असता. पेट्या भिंतीपासून ओढल्या, कोपरा बदलला. फरक पडला, सूज राहिली.

मग पुन्हा ती कणीकवाली जोडणी काढली. एक रेझिस्टर, हेडफोनची वायर आणि आरईडब्ल्यू हा जॉन मल्केहींचा मापनाचा प्रोग्रॅम. नळीच्या पेटीतल्या वूफरचा विजेला होणारा अडथळा मोजला की आलेखावर दोन मदारींचा उंट उभा राहतो. दोन मदारींच्या मधला खळगा जिथे असतो, त्या स्वराला पेटी घुमते. माझा खळगा ३८ वर हवा होता. होता ४७ वर.

वायर काढली, पुन्हा लावली. ४७. दुसरी पेटी मोजली. ४७. नळी मोजली, वीस सेंटीमीटर. मला खरं तर प्रोग्रॅमचा राग आला होता. तेवढ्यात आठवलं, की या उंटात आणखी एक आकडा दडलेला असतो. पहिली मदार २२ च्या थोडी वर, दुसरी ७९ च्या जवळ, खळगा ४७. या तिन्हींचे वर्ग करून, वजा करून, भागाकार केला की वूफरची हवा पेटीच्या हवेच्या किती पट ते निघतं. आलं २.१४. पंचेचाळीसला २.१४ ने भागा. एकवीस.

पेटी न उघडता, टेप न लावता, नुसत्या विजेच्या अडथळ्यावरून पेटी सांगत होती: माझ्या पोटात ३२ नाही, २१ लिटर हवा आहे. अकरा लिटर कुठेतरी गेले होते.

मग टेप लावली. बाहेरून, उंची ५० सेंटीमीटर. रुंदी २४. खोली ३०. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. म्हणजे आतून प्रत्येक बाजूला दोन्हीकडून १८-१८ मिलिमीटर कमी: २०.४ बाय २६.४ बाय ४६.४. पंचवीस लिटर. त्यातून वूफर, नळी, पट्ट्यांचे चार गेले.

मिस्त्रींनी जन्मभर कपाटं केली. कपाट भिंतीच्या खाचेत बसायचं असतं, त्याचं माप बाहेरूनच देतात. तरी त्यांनी फोन करून विचारलं होतं, 'कशी धरू?' म्हणजे आतून की बाहेरून, आणि मी मीटिंगमध्ये बसून त्यांना सूत शिकवत होतो.

प्रोग्रॅममध्ये ३२ खोडून २१ केलं, नळी तीच ठेवली. आलेख लगेच वाकला आणि माझ्या कानांनी जे ऐकलं होतं तेच त्यावर उमटलं: ७५ हर्ट्झच्या आसपास जवळपास दोन डेसिबलचा फुगवटा, आणि ३८ ला जिथे ३ डेसिबल खाली असायला हवं तिथे ८.

पेट्या मोडायची तयारी नव्हती. त्यांचे सांधे पाहून कुणाचीच झाली नसती. मग नळी लांबवली. २१ लिटरला ३८ वर आणायचं तर ३३ सेंटीमीटर लागतात आणि आतली खोली २६. पुन्हा प्लंबिंगचं दुकान, ७५ चा एल्बो. लांबी वळणाच्या मधल्या रेषेवर मोजायची असते, सुतळी धरून मोजली. खळगा ३८-३९ वर आला. फुगवटा गेला. डग्गा पुन्हा डग्ग्यासारखा वाजू लागला, तंबोऱ्यामागचं पिंप कुणीतरी उचलून नेलं.

३८ हर्ट्झ मात्र परत मिळाले नाहीत. आलेख आता ४८ लाच घसरायला लागतो, नळीचं काहीही करा. अमेरिकेतल्या केएलएच या कंपनीतला एच म्हणजे जोसेफ अँटन हॉफमन, प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचा मुलगा. त्याने फार पूर्वी सांगून ठेवलं होतं: खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मागा. मी पेटी लहान करून बसलो होतो, न मागता.

मिस्त्री एका रविवारी ऐकायला आले. चहा घेतला. नळीसमोर तळहात धरून हवा पाहिली, मग पेटीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. मी त्यांना सगळं सांगितलं, उंटासकट. त्यांनी ऐकून घेतलं. "मी विचारलं होतं तुम्हाला," एवढंच म्हणाले.

दिवाळीच्या आधी एका मित्राने तशीच जोडी करून मागितली. मी नवा कागद घेतला आणि तिन्ही मापांसमोर 'आतून' असं लिहून खाली रेघ मारली. त्याच संध्याकाळी मिस्त्रींचा फोन आला. या वेळी मी मीटिंगमधून उठून बाहेर गेलो.

"साहेब, बाहेरून सांगतो, लिहून घ्या. दहा इंच सात सूत. तेरा दोन. एकवीस एक. गुणा आणि सांगा."